कडोदऱ्याच्या शेडमधला नानांचा कान

इंजिन उतरवून पुन्हा बसवलं की दोन-चार नट उरतातच. कुठले ते कोणी सांगू शकत नाही, पण फेकवतही नाहीत. मग ते तुपाच्या रिकाम्या डब्यात जाऊन पडतात. आमचे किस्सेही तसेच साठलेत. सुरतेच्या लिंबायतमध्ये कोणाच्या लग्नाला आम्ही शेडमधले जुने लोक भेटलो की एक जण एक काढतो, त्यावर दुसरा दुसरा काढतो, पंगती उठतात आणि आम्ही तिथंच! बायको म्हणते, "तुमच्या आयुष्यात गाड्यांशिवाय काही झालंच नाही का हो?" आता खरं सांगू का? नाही झालं.

नव्वद सालानंतरची ती वर्षं. पेट्रोल महाग, डिझेल स्वस्त. लिलावात घेतलेल्या जुन्या पेट्रोल जीप लोकांच्या दारात उभ्या, कोंबड्या त्यात अंडी घालायच्या. त्या जीपचं इंजिन काढायचं आणि भंगार बाजारातून आणलेलं ट्रकचं किंवा टेम्पोचं डिझेल इंजिन त्यात बसवायचं, हा आमचा धंदा. बसवायचं म्हणजे काय, कोंबायचं! कडोदऱ्याला हायवेला लागून पत्र्याची शेड होती. मी वेल्डिंग आणि फिटिंग करायचो, हाताखाली दोन-तीन पोरं. शेजारी लेथवाला भूपतभाई, पक्का सुरती. आणि आमचे उस्ताद, नाना.

नाना पारोळ्याकडचे. पंधरा वर्षं लिंबायतला लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात काढली, लूम दुरुस्त करता करता इंजिनाकडे वळले. शाळा चौथी. पण कान! लाकडी मुठीची एक लांब सळई होती त्यांची. टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. सगळी शेड गप्प व्हायची. नानांनी डोळे उघडून "जाऊ दे तिले!" म्हटल्याशिवाय गाडी शेडबाहेर पडायची नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो. लोक व्याऱ्याहून, सोनगडहून, नवापूरहून यायचे ते त्या तीन शब्दांसाठी.

*

इंजिन बसेल की नाही हे आधी कसं बघायचं? तीनशे किलोचं धूड साखळीला लटकवून दहादा वरखाली करणार का? नानांची आयडिया साडीच्या खोक्यांची होती. सुरतेत साडीच्या पुठ्ठ्यांना काय तोटा! खोकी कापून, सुतळीनं बांधून नाना इंजिनाच्या मापाचं पुठ्ठ्याचं इंजिन करायचे आणि ते जीपमध्ये ठेवून बघायचे. वर छापलेल्या साडीवाल्या बाया हात जोडून बसलेल्या. एकदा एक गिऱ्हाईक आत डोकावलं आणि दबक्या आवाजात मला म्हणालं, "भाऊ, माझ्या गाडीत हेच बसणार आहे का?"

बारडोलीकडच्या एका ऊसवाल्याची जीप होती. पुठ्ठ्याचं इंजिन ठेवलं, बोनेट खाली दाबलं, झकास बसलं! खरं इंजिन ठेवलं तर बोनेट चार बोटं वर. दोन दिवस डोकं खाजवलं तेव्हा कळलं की बोनेट दाबताना पुठ्ठाही दबला होता, आणि आम्ही चौघं त्यावर हात ठेवून "वा वा" करत होतो!

गाडी सकाळी द्यायची होती. नानांनी बोनेटला गोल भोक पाडलं आणि त्यावर कुठून तरी आणलेला एक स्टीलचा घुमट रिव्हेट मारून बसवला. ऊसवाला खूश. म्हणाला, "दिसायला पण रुबाबदार झाली!"

तीन महिन्यांनी तीच जीप सर्व्हिसिंगला आली. नेमका त्याच दिवशी नलूकाकूंनी, म्हणजे नानांच्या घरच्यांनी, डबा आणला. जीपपाशी थबकल्या. वाकून बघितलं. "अहो, ही तर माझी कणकेची परात! मी अख्खी गल्ली शोधली, शेजारणीशी भांडले!" नाना लगेच गाडीखाली शिरले. काकूंनी परातीवरून हात फिरवला, चारी बाजूंनी बघितली आणि गाडीखाली वाकून म्हणाल्या, "वाकडी बसवलीये."

*

पांडेसऱ्यात कापडं रंगवायचा छोटा कारखाना असलेले एक शेठ होते. फार टापटीप माणूस. त्यांच्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवलं. आता पेट्रोलची गाडी किल्ली फिरवली की बंद पडते. तसलं जुनं डिझेल इंजिन किल्लीला विचारत नाही, त्याला स्टॉपरची तार ओढावी लागते. मी त्यांना तीनदा सांगितलं. ते तीनदा "हा हा" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेडसमोरच्या एसटीडी बूथवरून हाक आली, फोन आहे. मी नानांकडे बघितलं. नाना फोन कधीच घ्यायचे नाहीत, "तू बोल, माझे हात ऑइलचे आहेत" म्हणायचे. हात धुतलेले असले तरी! मी गेलो.

शेठ फोनवर ओरडत होते, "चावी मारा खिस्सामां छे! किल्ली खिशात, आणि गाडी सकाळपासून चालू आहे!"

"शेठ, तार ओढली का?"

मग हळूच, "कोणती तार?"

नंतर त्यांच्या वॉचमननं सांगितलं. शेठ सकाळी किल्ली काढून आत गेले, गाडी धडधडत राहिली. वॉचमनला वाटलं शेठना लगेच निघायचंय. म्हणून तो दिवसभर गाडीचं दार उघडं धरून उभा!

*

आम्ही शेडमध्ये तोंडानं फार बोलायचो नाही. सवय लूमची. खात्यात शंभर माग एकदम खडखडत असतात, तिथं ओरडून उपयोग नसतो. सगळं ओठांवरून वाचायचं आणि हातानं सांगायचं. अंगठा तोंडाकडे नेला की पाणी. दोन बोटं ओठांवर म्हणजे विडी प्यायला चल. पोटावरून गोल हात फिरवला की शेठ आला. खात्यातून आलेले आम्ही सगळे डिझेलच्या आवाजातही तसंच बोलायचो. पाहुण्याला वाटायचं मुक्यांची शाळा आहे.

भूपतभाई काही खात्यातला नव्हता. आणि त्याचं पोट चांगलं मोठं! एखादा शेठ आला की आम्ही भूपतभाईच्या दिशेनं बघून पोटावरून हात फिरवायचो. बिचाऱ्याला वाटायचं, हे घाटी लोक आपली टिंगल करतात. चार दिवस त्यानं आमचं एकही काम लेथला लावलं नाही. शेवटी नाना गेले, खाटेवर बसून समजावून आले. भूपतभाई इतका खूश झाला की पुढच्याच आठवड्यात एक मोठे शेठ गाडीतून उतरले तेव्हा तो त्यांच्या शेजारी उभा राहून, आमच्याकडे बघत, दोन्ही हातांनी पोट चोळायला लागला. थांबेचना!

शेठ काळजीनं म्हणाले, "भूपतभाई, गेस थयो छे?" आणि दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरच्या हाती चूर्णाची बाटली पाठवली. भूपतभाईनं ती संपवलीसुद्धा. म्हणाला, "शेठ का प्रेम है, ना कैसे बोलें?"

*

आता हसण्यासारखा आहे, पण तेव्हा हसू आलं नव्हतं असा एक.

एका जीपमध्ये टेम्पोचं इंजिन बसवलं, गिअरबॉक्सही टेम्पोचा. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट निघतो डाव्या बाजूला आणि तो जिथं जोडायचा तो जीपचा मागचा क्राउन उजवीकडे. शाफ्ट तिरका लागायला लागला. मी म्हटलं, त्यात काय, मागचं हाऊसिंगच, म्हणजे क्राउनची अख्खी पेटीच, पालथं करून बसवू, क्राउन आपोआप डावीकडे येतो. नानांनी होकाराची मान हलवली. बसवलं. एकदम सरळ रेषेत! मीच माझी पाठ थोपटली.

गाडी चालू केली, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. आणि जीप मागे! घाबरून दुसरा टाकला. आणखी जोरात मागे! हाऊसिंग पालथं केलं की चाकं उलटी फिरतात हे माझ्या डोक्यात आलंच नाही. चार गिअर मागे जायचे आणि एक पुढे!

आणि मागे नाना उभे होते. जीपकडे पाठ करून हत्यारं पुसत होते. मी हॉर्न दाबला. पोरं ओरडली, "नाना! नाना!" लांब हायवेवरच्या टपरीतले लोक उठून उभे राहिले. नाना हलले नाहीत. निवांत पाना पुसत होते.

भूपतभाई त्या पोटासकट धावला आणि नानांना घेऊन भिंतीवर आदळला. जीप टेबल मोडून थांबली. मी उडी टाकून खाली आलो. नाना उठले, धोतर झटकलं, सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "काय व्हयनं?"

भूपतभाईला दम लागला होता. तरी म्हणाला, "आ शुं कर्युं, नानाभाई! ये गाडी तो चोर ले जाएगा तो भी वापस आएगी!" सगळे हसले. पण हसताना कोणी कोणाकडे बघत नव्हतं. इतक्या जवळून वाजलेला हॉर्न नानांना ऐकू आला नव्हता, हे सगळ्यांना कळलं होतं.

*

दोन दिवसांनी नलूकाकूंनी मला घरी बोलावलं. चहा दिला, दार लोटून घेतलं.

"सुभाष, तुला कळलंच असेल. दोन वर्षं झाली. मी विचारते वरण वाढू का, ते म्हणतात सोमवारी देतो. तोंड समोर असलं तर सगळं समजतं, खात्यात शिकलेले ना. पाठ फिरवली की संपलं."

"डॉक्टर?"

"गुपचूप जाऊन आले. लूमनं खाल्ले म्हणाला कान. उरलंसुरलं तुमच्या इंजिनांनी. मशीन लाव म्हणाला. कानात मशीन लावलेला उस्ताद कोण मानेल रे? लोक तेवढ्यासाठीच तर येतात." काकूंनी पदर डोळ्यांना लावला. "शेड बंद झाली तर हा माणूस घरी बसून मरेल. मी खोटं नाही सांगत. आणि एक कर, आपल्याला कळलंय हे त्यांना कळू देऊ नको. मान फार आहे त्यांना."

मला रडू आलं, लाज कशाला. मी बापाविना वाढलेला माणूस, हातात पाना धरायला मला नानांनी शिकवलं. त्या दिवशी आम्ही ठरवलं. नाना चहाला गेले की गाडी मी तपासायची, माझ्या कानांनी. मग नाना गिऱ्हाइकासमोर सळई लावून डोळे मिटतील, डोळे उघडतील तेव्हा मी गिऱ्हाइकाच्या मागे उभा असेन. ठीक असेल तर मान खाली. गडबड असेल तर आडवी. नानांना आम्ही काही सांगितलं नाही, त्यांनी काही विचारलं नाही. पण डोळे उघडले की ते आधी मला शोधायचे.

*

हे असं दीडेक वर्ष चाललं. एकदाच घोटाळा झाला. नवापूरच्या एका दूधवाल्याची जीप. इंजिन घड्याळासारखं चालत होतं. नानांनी डोळे उघडले, आणि नेमकी एक माशी माझ्या नाकावर! मी जोरात डोकं झटकलं. नाना गंभीर झाले. गिऱ्हाइकाला म्हणाले, "आज नाही मिळणार. आत काहीतरी आहे."

मी मागून नुसती मान खाली, मान खाली करतोय, ते बघतील तर शप्पथ! दोन दिवस आम्ही ते धडधाकट इंजिन खोललं, पुसलं, पुन्हा बसवलं. काहीच निघालं नाही, निघणार कुठून! दूधवाला मात्र गावभर सांगत सुटला, "उस्तादाचा कान म्हणजे काय! माझ्या गाडीतलं जे मला कधी ऐकूच आलं नाही ते त्यांनी ऐकलं!"

*

आणि हा शेवटचा. हा सांगितला की मी पुढे काही सांगत नाही.

सोनगडकडचे एक रिटायर्ड सुभेदार होते. ताठ माणूस, मिशीला पीळ. लिलावातली जुनी मिलिटरी जीप आमच्याकडे दिली होती, ट्रकचं इंजिन बसवायला. त्यांच्या भागात जंगलातल्या रस्त्यांवर चालणाऱ्या सगळ्या जीपवाल्यांचा त्यांच्यावर विश्वास. त्यांनी गॅरेज चांगलं म्हटलं तर चांगलं, वाईट म्हटलं तर वाईट. निम्मं गिऱ्हाईक आमचं तिकडचंच.

गाडी न्यायला आले त्या दिवशी सकाळीच मी इंजिन अर्धा तास चालवून ऐकलं होतं. एकदा नाही, तीनदा. आत सगळं नवं, बेअरिंग मी स्वतःच्या हातानं घातलेली. गाडी एकदम कडक.

सुभेदार आले, सोबत त्यांच्याकडचे दोन जीपवाले. बसले नाहीत, चहा नको म्हणाले. सरळ नानांसमोर उभे राहिले. "उस्ताद, स्पष्ट बोलतो. लोक म्हणतात तुम्हाला ऐकू येत नाही. हा तुमचा पोरगा मागून खुणा करतो. खरं आहे?"

शेडमध्ये हातोडीसुद्धा थांबली. नानांनी हातातला पाना खाली ठेवला.

"ठीक. मग असं करू. तुमची सगळी माणसं बाहेर रस्त्यावर जातील. मी इथं, तुम्ही तिथं. ऐका आणि सांगा. गाडी बरोबर असेल तर मी हात जोडून माफी मागेन. नाहीतर आमच्या भागातली एकही गाडी इथं येणार नाही."

मी नानांकडे बघितलं. त्यांनी मला हातानंच खूण केली, जा. खात्यात मालक आल्यावर करायचे तशी, छोटीशी.

आम्ही रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिलो. भूपतभाई माझा दंड घट्ट धरून होता. मी मनात म्हणत होतो, नाना, गाडी ठीक आहे, फक्त "जाऊ दे तिले" म्हणा, तीन शब्द म्हणा, सुटलो! दुसरं काही नको. इतकं सोपं होतं हो! पण ट्रकमागून ट्रक मध्ये येत होते; फटीतून मला नाना दिसायचे, पण त्यांना माझे ओठ वाचता येत नव्हते.

इंजिन सुरू झालं. नानांनी सळई घेतली, टेकवली, कानाला लावली. मग सळई खाली ठेवली. चपला काढल्या. उघड्या पायानं जीपच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेले. नाडी बघावी तसा इंजिनावर हात ठेवला, उचलला, दुसरीकडे ठेवला. किती वेळ गेला मला माहीत नाही. भूपतभाई देवाचं नाव घेत होता.

मग नानांनी स्टॉपरची तार ओढली. इंजिन बंद. आणि मान आडवी हलवली.

मला वाटलं, संपलं! मी धावत रस्ता ओलांडला. नाना सुभेदारांना सांगत होते, "ही गाडी आज जात नाही. तीन नंबरचं बेअरिंग गेलंय."

"नाना!" मी ओरडलो. "मी सकाळी..." पुढचं गिळलं. सुभेदार माझ्याकडे बघून हसले. "पोरगा तर म्हणतोय ठीक आहे. मलाही काही ऐकू आलं नाही. इथंच खोला. आत्ता. माझ्यासमोर."

मीच गाडीखाली गेलो. ऑइल काढलं, खालचा चेंबर सोडवला. घाईत पाना दोनदा तोंडावर पडला. एक नंबरचं बेअरिंग उतरवलं, चकचकीत. दोन नंबर, चकचकीत. तीन नंबर उतरवलं.

अर्ध्या बाजूनं घासून आतलं तांबं दिसत होतं. बसवताना माझ्याकडून बेअरिंगच्या मागे बारीक कचरा राहिला होता. ती गाडी सोनगडचा घाट चढायला लागली असती तर आतला रॉड इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर आला असता आणि गाडी चढावर मागे सुटली असती. मी ते बेअरिंग तळहातावर घेऊन बाहेर आलो. मला तोंड वर करवेना.

सुभेदारांनी ते घेतलं, उजेडात धरलं, दोन्ही जीपवाल्यांना दाखवलं. मग टोपी काढली. त्या मोठ्या मिशीच्या माणसानं आमच्या नानांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "उस्ताद, गाडी तुम्ही म्हणाल तेव्हा नेईन." नानांनी त्यांच्या ओठांकडे बघत मान डोलावली आणि म्हणाले, "सोमवारी."

ते गेले. भूपतभाई सगळ्या हायवेला चहा पाजत सुटला. शेडमध्ये मी आणि नाना दोघंच. नाना माझ्याकडे पाठ करून रॉकेलनं हात धूत होते.

"नाना," मी म्हटलं, "मला कान असून ऐकू आलं नाही. तुम्हाला कसं कळलं हो?"

नाना हात धूत राहिले. त्यांना ऐकू गेलं नव्हतं.